मोडल पियानो-लघुरचना

मेजर-मायनर या नेहमीच्या पाश्चात्त्य स्वरमांडण्यांऐवजी डोरियन, फ्रिजियन, लिडियन किंवा मिक्सोलिडियन यांपैकी एखाद्या मोडमध्ये (सात स्वरांच्या ठरावीक मांडणीत) बांधलेली, एकट्या पियानोवर वाजवायची छोटी रचना. लांबी बहुधा १६ ते ४० बार (ठरावीक मात्रांचे खंड).

पांढऱ्या पट्ट्यांवरच 'डी'ला सा मानले की डोरियन, 'ई'ला फ्रिजियन, 'एफ'ला लिडियन, 'जी'ला मिक्सोलिडियन. थाटांच्या भाषेत अनुक्रमे काफी, भैरवी, कल्याण आणि खमाज. साम्य स्वरांपुरतेच, रागाचे चलन इथे शोधू नये.

खरी अडचण सा टिकवण्याची. पट्ट्या त्याच सात असल्याने डी डोरियन नकळत सी मेजरमध्ये घसरतो. हमखास कारण म्हणजे जी-बी-डी-एफ ही कॉर्ड (एकत्र वाजवलेला स्वरसमूह): तिच्यातला बी वर सीकडे आणि एफ खाली ईकडे ओढला जातो, आणि कानाला सी हेच घर वाटू लागते. म्हणून एफ गाळून नुसती जी-बी-डी घेतात. उलट चूक शेवटाशी होते. सवयीने सी तीव्र केला की डोरियन संपून मायनर सुरू होतो. सी मेजरवरून थेट डी मायनरवर उतरणे योग्य.

मोडचा ओळखस्वर चालीत ठळक जागी, शक्यतो समेवर हवा: डोरियनला शुद्ध धैवत, फ्रिजियनला कोमल ऋषभ, लिडियनला तीव्र मध्यम, मिक्सोलिडियनला कोमल निषाद. तो फक्त कॉर्डच्या पोटात राहिला तर मोड ओळखूच येत नाही.

डावा हात बहुतेकदा सा-प धरून बसतो. पण पियानोचा नाद तानपुऱ्यासारखा भरत राहत नाही, विरतो. संथ लयीत दर एक-दोन बारनंतर जोडी पुन्हा वाजवावी लागते. तळाच्या सप्तकात सा-ग एकत्र घेतल्यास नाद गढूळ होतो, तिथे सा-प किंवा सा-सा बरा. नाद लांबवणारे पायाखालचे पेडल सबंध ओळभर दाबून ठेवले तर फ्रिजियनमधले ई आणि एफ एकमेकांत मिसळतात. खर्ज विरू न देता ते अर्धेच उचलायचे, हे हातापेक्षा पायाचे कसब आहे.

मधल्या भागात सा तोच ठेवून मोड बदलणे हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय: डी डोरियनचे ई आणि बी कोमल केले की डी फ्रिजियन.

हंगेरियन संगीतकार बेला बार्तोकच्या 'मिक्रोकॉसमॉस' (१९२६–३९) या १५३ रचनांच्या संचात क्रमांक ३२ डोरियनमध्ये, तर ३४ फ्रिजियनमध्ये आहे. नवशिक्याने सुरुवात इथून करावी.

शेवटच्या कॉर्डमधून गंधार वगळून नुसता सा-प ठेवता येतो. मात्र मग ओळखस्वर त्याआधीच्या बारमध्ये ऐकू आलेला असावा.