उतारा सोडवणं आणि उतारा समजणं

आधी एक छोटा उतारा वाचा: ‘टिमक्या गोरबाने काल सात फुलडे खुडबले, कारण त्याची चिमरी झरपली होती.’

आता प्रश्न. गोरबाने किती फुलडे खुडबले? सात. कधी? काल. का? कारण त्याची चिमरी झरपली होती. तिन्ही उत्तरं बरोबर, पूर्ण गुण. फुलडे खातात की शिवतात, हे मात्र तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही, कारण हे शब्दच मुळात अस्तित्वात नाहीत.

इंग्रजी शिकणारी आठवी ते दहावीची कितीतरी मुलं इंग्रजी उतारे याच पद्धतीने पार करतात. प्रश्नातला ठळक शब्द पकडायचा, तो उताऱ्यात शोधायचा, ती ओळ उचलायची, ‘आय’च्या जागी ‘ही’ किंवा ‘शी’ घालायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. याला मी उतारा सोडवणं म्हणतो. उतारा समजणं ही वेगळी गोष्ट आहे. गुणपत्रिकेत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून घोळ होतो.

सोडवण्याला नावं ठेवायचं कारण नाही. वेळ मोजका असताना नेमकी माहिती चटकन हुडकणं हे खरंखुरं कौशल्य आहे. वेळापत्रक, सूचनापत्रक किंवा औषधाच्या पाकिटावरचा मजकूर आपण सगळे असाच वाचतो. ही हातोटी जमायला फार काळही लागत नाही. थोडे उतारे झाले की मुलाचा हात बसतो, आणि त्यानंतर गुण जिथल्या तिथे राहतात. तेव्हा घरचे म्हणतात, ‘अजून उतारे सोडव.’ इथे गाडी चुकीच्या रुळावर जाते.

समजण्यासाठी काय काय लागतं? फिलिप गफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ साली याची मांडणी अगदी साधी केली. लिहिलेला शब्द ओळखता येणं आणि ती भाषा कळणं, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचनाचं आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. खणखणीत आवाजात इंग्रजी धडा वाचून दाखवणारा आणि ‘काय झालं यात?’ म्हटल्यावर गप्प होणारा विद्यार्थी या गुणाकारात नेमका बसतो.

भाषा कळण्यात पहिला वाटा शब्दांचा. हू आणि नेशन या संशोधकांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांना एक गोष्ट वाचायला दिली. तिच्या वेगवेगळ्या प्रतींत कमी-जास्त प्रमाणात खरे शब्द काढून तिथे बनावट शब्द घातलेले होते, आपल्या फुलड्यांसारखेच. ८० टक्के शब्द ओळखीचे असलेल्या प्रतीत कुणालाच पुरेसं आकलन झालं नाही. मदतीशिवाय नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे ३०० शब्दांच्या पानात अनोळखी शब्द सहाच्या आसपास. दर ओळीत दोन-तीन शब्द अडत असतील, तर तो उतारा मुलाला एकट्याने समजून घेण्याच्या सरावासाठी निरुपयोगी आहे. तो फक्त सोडवता येतो. तरीही बाजारातल्या सराव-पुस्तकांत जितका अवघड उतारा तितकं पुस्तक भारी, असा एक समज दिसतो.

दुसरा वाटा विषयाच्या माहितीचा, आणि तो बहुतेक वेळा विसरला जातो. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. तेव्हा ‘याचं आकलन कमी आहे’ असा शिक्का मारण्याआधी उतारा कशाबद्दल होता ते पाहावं. ज्वालामुखीवरच्या इंग्रजी उताऱ्याआधी ज्वालामुखीबद्दल दहा मिनिटं मराठीत वाचलं, तर ती फसवणूक नव्हे, तयारी आहे.

हा घोळ फक्त मुलांचा नाही, शिकवणाऱ्यांचाही आहे. डोलोरेस डर्किन यांनी चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास पाहिले. त्यांचं संशोधन १९७८-७९मध्ये प्रसिद्ध झालं. ४,४६९ मिनिटांच्या निरीक्षणात आकलन कसं करायचं हे शिकवण्यात गेलेली मिनिटं होती २०. बराचसा वेळ प्रश्न विचारण्यात आणि उत्तरं तपासण्यात गेला होता. पुन्हा पुन्हा थर्मामीटर लावून ताप उतरत नाही, पण वाचनाच्या बाबतीत आपण तेच करत राहतो.

मग समजण्याचा सराव दिसतो कसा? एकच वाक्य घेऊ: ‘फ्यू ऑफ द व्हिलेजर्स बिलीव्ह्ड द इंजिनिअर अंटिल द वेल रॅन ड्राय.’

सोडवणारा विद्यार्थी ‘बिलीव्ह्ड’ पाहतो आणि गावकऱ्यांनी विश्वास ठेवला असं लिहून मोकळा होतो. समजून घेणाऱ्याला ‘फ्यू’पाशी थांबावं लागतं. ‘अ फ्यू’ असतं तर थोड्यांनी तरी विश्वास ठेवला असा सूर आला असता. नुसत्या ‘फ्यू’मुळे जवळजवळ कुणीच ठेवला नाही, असा सूर येतो. मग ‘अंटिल’. विहीर आटेपर्यंत नाही, म्हणजे आटल्यावर ठेवला. आणि खरी मजा पुढे आहे: इंजिनिअर काय म्हणाला होता? वाक्यात ते कुठेच लिहिलेलं नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं की पाणी संपणार, असं काहीतरी त्याने सांगितलं असणार. या प्रश्नाचं उत्तर बोट ठेवून दाखवता येत नाही, दोन टोकं जोडून काढावं लागतं. अशा एका वाक्यावर पाच मिनिटं गेली तर ती सत्कारणी लागली असं मी मानतो. त्या वेळात एक अख्खा उतारा सोडवून झाला असता, हे कबूल.

सरावासाठी पद्धत हवी असेल तर पॅलिंक्सार आणि ब्राऊन यांनी १९८४ साली मांडलेली पद्धत आजही वापरण्याजोगी आहे. परिच्छेद वाचून मुलांनी चार गोष्टी करायच्या: सारांश सांगायचा, स्वतः प्रश्न काढायचा, अडलेलं उलगडायचं आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. आधी शिक्षक करून दाखवतात, मग मुलं आळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात. चारांतला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे प्रश्न काढणं. न समजलेल्या उताऱ्यावर मुलं ‘किती’, ‘कधी’ आणि उत्तर ‘कारण’ म्हणून आयतं लिहिलेला ‘का’ एवढंच विचारू शकतात. उत्तर उताऱ्यात आयतं नसलेला ‘का’ आणि ‘नाहीतर काय झालं असतं’ हे प्रश्न समजल्याशिवाय सुचत नाहीत.

आपलं मूल यातलं नेमकं काय करतंय हे पाहायला वेगळी चाचणी नको. उतारा झाकून ठेवा आणि ‘काय होतं त्यात?’ एवढंच विचारा. मराठीत सांगितलं तरी चालेल. इथे आपण इंग्रजी बोलणं तपासत नाही आहोत. सोडवलेल्या उताऱ्यातून सुटे तपशील हाती येतात, समजलेल्यातून कोणी काय केलं आणि त्यामुळे काय झालं याची सलग हकिकत येते.

उत्तर चुकलं तर नुसतं बरोबर उत्तर लिहून घेऊ नका, चूक कुठे झाली ते हुडका. शब्द अडला, लांब वाक्याची गुंतागुंत सुटली नाही, विषयच परका होता, की प्रश्न नीट वाचला नाही? चारांवरचे उपाय चार आहेत आणि ‘अजून उतारे सोडव’ हा त्यांतल्या फक्त शेवटच्यावर थोडाफार लागू पडतो. बहुपर्यायी प्रश्न असेल तर चुकीचे तीन पर्याय का चुकीचे, हे एकेका वाक्यात सांगायला लावा. तुक्का लगेच उघडा पडतो.

घड्याळ लावून उतारे सोडवण्याला जागा आहे ती परीक्षेआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत. तोवर आठवड्याला एकच उतारा घेतला, तो झाकून सांगता आला आणि त्यावर मुलाने स्वतः दोन ‘का’ विचारले, तर पुरे.