फुलदाणीत पाणी असूनही फूल तहानेनं का मरतं?

आमच्या बागवाल्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच फॉरवर्ड आला. फुलदाणीत तांब्याचं नाणं टाका, ॲस्पिरिनची गोळी टाका, घरची फुलं पंधरा दिवस ताजी राहतील. लगेच खाली अंगठ्यांची रांग. नाण्याचं आधी उरकून टाकते. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची असतात, म्हणजे तांब्याचं नाणं शोधण्यापासूनच सुरुवात. आजीच्या डब्यात एखादं सापडलं तरी, तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात हे खरं असलं तरी, तिथे सगळी कळशीच तांब्याची असते, एका नाण्याचं अंग ते केवढंसं. ॲस्पिरिन आम्लधर्मी आहे, त्यामुळे पाणी थोडं आंबट होतं आणि त्याचा थोडाफार उपयोग होतो, पण ते काम अर्धं लिंबू पिळूनही होतं.

मला वाईट याचं वाटतं की या सगळ्या उपायांत फुलाचं खरं दुखणं कुठेच येत नाही. गच्चीवरच्या कुंडीतला गुलाब किंवा डेलिया आपण कापून आणतो, छान फुलदाणी भरतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची मान पडते. आपण म्हणतो, घरची फुलं टिकतच नाहीत. पण फुलदाणी तर भरलेली असते! फूल गळाभर पाण्यात उभं राहून तहानेनं मेलेलं असतं, कारण दांडीच्या कापलेल्या तोंडाशी हवा अडकलेली असते. ही हवा तिथे जाते कशी हे एकदा कळलं की फुलं कापायची पद्धतच बदलते, म्हणून आज त्यावरच लिहितेय, जरा सविस्तर.

शाळेत आपण सगळ्यांनी तेरड्याचं रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवलंय. दांडीतून लाल रेघा वर चढतात, त्या म्हणजे जलवाहिन्या. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. पण पाणी वर चढतं का, हा प्रश्न वर्गात बहुतेक वेळा 'केशाकर्षण' (बारीक नळीत पाणी आपोआप वर चढणं) एवढ्या एका शब्दावर संपवतात, आणि ते उत्तर अपुरं आहे. साधारण 40 मायक्रोमीटर रुंदीच्या नळीत केशाकर्षणानं पाणी फार तर पाऊण मीटर चढतं. गुलाबाच्या झुडपाला तेवढं एकवेळ पुरेल, नारळाला कसं पुरेल? बरं, वरून ओढून घेतं म्हणावं, तर विहिरीवर पंप बसवणाऱ्या कुणालाही विचारा, काठावर ठेवलेला पंप खोलवरचं पाणी ओढत नाही, हवेचा दाब पाण्याला 10.3 मीटरपर्यंतच वर ढकलू शकतो आणि प्रत्यक्षात सात-आठ मीटरवरच पंप दम टाकतो, म्हणून तर मोटर खाली सोडावी लागते. आणि कॅलिफोर्नियातले रेडवूड वृक्ष 115 मीटरपर्यंत वाढतात, त्यांच्या शेंड्याच्या पानालाही पाणी मिळतंच.

यावर मोठमोठ्या लोकांनी डोकं लावलंय. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी 1923 मध्ये असं मांडलं की खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन पावतात आणि रस वर ढकलतात. बोस थोरच होते, त्यांची उपकरणं आजही बघून थक्क व्हायला होतं, पण हे त्यांचं म्हणणं टिकलं नाही. उलटा पुरावा तर आधीच हाती होता. 1890 च्या दशकात जर्मनीत स्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी उंच झाडं बुंध्याशी कापून मोरचूद आणि पिक्रिक आम्लाच्या द्रावणात उभी केली होती, वाटेतल्या जिवंत पेशी विषानं मेल्या आणि द्रावण तरीही वर चढत राहिलं. म्हणजे नळ्यांना जिवंत असायची गरजच नाही. जलवाहिन्या मुळातच मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या असतात.

उत्तर दिलं डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी, 1894 मध्ये, आणि मला विचाराल तर वनस्पतिशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर कल्पना आहे. पानाच्या आत पेशींच्या भिंती ओल्या असतात, त्या भिंतींत काही नॅनोमीटरची सूक्ष्म छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रात पाण्याचा बारीकसा पडदा ताणलेला असतो. पर्णरंध्रांतून वाफ बाहेर गेली, म्हणजे बाष्पोच्छ्वास झाला, की हा पडदा आत खोल वळतो आणि पृष्ठताणामुळे मागचं पाणी पुढे ओढतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, नळीच्या भिंतीलाही धरून असतात, त्यामुळे ही ओढ पानापासून मुळापर्यंत सलग पोचते. झाड पाणी ढकलत नाही, झाडात पाणी ताणलेलं असतं! दाब शून्याच्याही खाली, ऋण. भर दुपारी ही ओढ 10 ते 20 वातावरणांइतकी, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 10 ते 20 पट असू शकते, गाडीच्या टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन वातावरणं हवा भरतो त्यावरून अंदाज करा, फक्त इथे दिशा उलटी. हे पटायला लोकांना वेळ लागला. 1965 मध्ये शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापलेली डहाळी दाबपात्रात घालून, किती दाब दिल्यावर पाणी पुन्हा कापलेल्या तोंडाशी येतं हे मोजलं, आणि उंच झाडांच्या शेंड्याच्या डहाळ्या मिळवायला त्यांनी चक्क बंदुकीनं नेम धरून त्या खाली पाडल्या.

आता कात्री घ्या. दुपारी बाराला, उन्हात, ताणलेल्या पाण्याची ती सलग तार तुम्ही मधेच कापता. ताणलेली तार तुटल्यावर काय होईल? पाणी क्षणात वर सरकतं, आणि त्याची जागा घ्यायला हवा आत शिरते. कापायला लागतो तेवढ्या वेळात हे होऊन जातं, दांडीतून आवाज नाही, काही दिसत नाही. तुम्ही लगबगीनं पाण्यात ठेवलंत तरी तोंडाशी हवेचा बुडबुडा बसलेला असतो, आणि हवेचे रेणू पाण्यासारखे एकमेकांना धरून नसतात, म्हणजे पानांची ओढ खालच्या पाण्यापर्यंत पोचतच नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर असं करा. पातेल्यात पाणी घेऊन खायचा लाल रंग जरा दाट कालवा, कुंडीशेजारी न्या, पांढऱ्या शेवंतीची लांब दांडी झाडावरच असताना हळूच वाकवून रंगात बुडवा आणि पाण्याखालीच कापा. भर उन्हात केलंत तर रंग लगेच आत खेचला जातो. फूल बाहेर काढून दांडी ब्लेडनं उभी चिरली की हिरव्या कडेला लागून बारीक लाल धागे वर गेलेले दिसतात, मधला भेंडासारखा भाग पांढराच राहतो. हवेत कापलं असतं तर त्या धाग्यांच्या जागी हवा गेली असती. जपानी इकेबानात फुलं पाण्याखाली कापायची पद्धत फार जुनी आहे, तिला मिझुगिरी म्हणतात.

मग फूल लगेच का मरत नाही? कारण जलवाहिनी ही मुळापासून पाकळीपर्यंत एकच नळी नसते. छोट्या छोट्या नळ्या एकमेकींना चिकटून असतात आणि मधल्या भिंतीत खळगे असतात, त्या खळग्यांत अतिशय बारीक जाळीचा पडदा. पाणी त्या जाळीतून जातं, हवा मात्र ओल्या जाळीतून सहजासहजी जात नाही, कारण छिद्र जितकं बारीक तितका तिथला पृष्ठताणाचा पडदा फोडायला जास्त दाब लागतो, दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले छिद्राची त्रिज्या. म्हणजे हवा फक्त कापलेल्या नळ्यांत अडकते, वरच्या शाबूत नळ्यांत पाणी असतंच. आणि त्या अडकलेल्या हवेवर खालून केशाकर्षण काम करतं, 40 मायक्रोमीटरच्या नळीत त्याचा दाब साधारण 7 किलोपास्कल भरतो, शिवाय फुलदाणीतल्या पाण्याच्या उंचीचा दाब, दर 10 सेंटीमीटरला 1 किलोपास्कल. दोन्ही मिळून बुडबुडा दाबला जातो आणि त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते, पण त्याच वेळी वरून पानं ओढत असतील तर बुडबुडा फुगायला बघतो, आणि कोण जिंकतं ते त्या रस्सीखेचीवर ठरतं. एवढा हिशोब डोक्यात राहिला नाही तरी चालेल, पण त्यातून निघणारी कृती राहू दे.

पहाटे किंवा सकाळी लवकर कापा, रात्रभर बाष्पोच्छ्वास मंद असतो म्हणून ताण कमी असतो. बागेत जाताना रिकामी परडी नको, पाण्याची बादली न्या. घरी आणल्यावर दांडी पाण्याखाली धरून टोकाचा दोन-तीन सेंटीमीटर भाग पुन्हा कापा, म्हणजे बुडबुड्याचा बराचसा भाग त्या तुकड्याबरोबर जातो. मग अंधाऱ्या, गार कोपऱ्यात गळ्यापर्यंत कोमट पाण्यात दोन-तीन तास ठेवा आणि मगच रचना करायला बसा. कोमटच का, तर 20 अंशांच्या पाण्यापेक्षा 40 अंशांचं पाणी सुमारे एक तृतीयांश पातळ असतं, नळ्यांत सहज सरकतं, आणि गरम पाण्यात मुळात हवा कमी विरघळलेली असते, त्यामुळे बुडबुड्यातली हवा सामावून घ्यायला जागा असते. खालची पानं काढा, वरचीही अर्धी काढा, पानं म्हणजेच ओढणारे पंप. पंख्याखाली तर फुलदाणी ठेवूच नका.

तिरका काप द्यावा, हे बरोबर, पण लोक कारण चुकीचं सांगतात. तिरक्या कापानं जलवाहिन्यांची संख्या वाढत नाही, फायदा इतकाच की टोक फुलदाणीच्या तळाला सपाट टेकून बंद होत नाही. आणि गुलाबाच्या, बोगनवेलीच्या जाड दांड्या हातोडीनं ठेचायच्या हा सल्ला कृपा करून सोडून द्या. ठेचल्यानं नळ्या चेपतात आणि फुटलेल्या पेशींतला रस पाण्यात उतरतो, जंतूंना आयतं जेवण. धारदार कात्री, स्वच्छ काप, बास.

जंतू हे दुसरं कारण. फुलदाणीचं पाणी गढूळ होऊन वास मारायला लागतो तेव्हा जंतू आणि त्यांचा चिकट थर कापलेल्या तोंडावर बसलेला असतो. म्हणून लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा साखर, तेवढाच लिंबाचा रस आणि कपड्यांच्या ब्लीचचे चार-पाच थेंब. साखर कळी उमलायला ऊर्जा देते, पण नुसती साखर घातलीत तर ती जंतूच खातील. आणि आरओचं पाणी फुलदाणीत वापरू नका, नळाचंच बरं. खळग्यांतल्या त्या जाळीत पेक्टिन नावाचा जेलीसारखा पदार्थ असतो, पाण्यात क्षार असले की तो आकसतो आणि वाट मोकळी होते, क्षार काढून टाकलेल्या पाण्यात तो फुगतो. हे 2001 मध्ये प्रयोगांतून दाखवलं गेलं.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. पाळी असलेल्या बाईनं हात लावला की फुलं कोमेजतात, मोगरा जळतो, असं अजूनही कितीतरी घरांत मानतात आणि पोरींना बागेत जाऊ देत नाहीत. याला एकेकाळी विज्ञानाचा शिक्काही मिळाला होता. 1920 साली व्हिएन्नातल्या बेला शिक नावाच्या डॉक्टरांनी, घटसर्पाची शिक टेस्ट ज्यांच्या नावानं आहे तेच, मोलकरणीनं हाताळलेले गुलाब कोमेजले म्हणून पाळीतल्या घामात विष असतं असं मांडलं. मोजकी फुलं, मोजक्या बायका. असं विष त्यानंतर कुणालाच वेगळं काढून दाखवता आलेलं नाही. गुलाब कोमेजायला दांडीतली हवा पुरते, त्यासाठी कुणा बाईच्या माथी विष मारायची गरज नाही. मोठ्या नावाच्या माणसाचं म्हणणंही प्रयोगात टिकलं तरच घ्यायचं, बोसांचं काय आणि शिकचं काय.

आता जी फुलं यातल्या कशानंच टिकत नाहीत त्यांच्याबद्दल. तेरड्याचा रंग तीन दिवस तरी, जास्वंदीचा एकच. जास्वंद पाण्यात ठेवा नाहीतर कोरड्या ताटलीत, संध्याकाळी मिटणारच, कारण तिच्या पाकळ्यांतल्या पेशींचं मरण आधीच ठरलेलं असतं, तिथे पाण्याची टंचाई हा मुद्दाच नाही. म्हणून जास्वंदीला लांब दांडीची फुलदाणी द्यायची खटपट नको, सकाळी उथळ बशीत मांडा आणि दुसऱ्या दिवशी नवी. पांढऱ्या चाफ्याचा प्रश्न आणखी वेगळा, त्याचा चीक तोंडाशी सुकून वाट बंद करतो, त्यामुळे कापल्यावर चीक वाहून जाऊ द्यायचा.

अशा ठरलेल्या मरणात बऱ्याच फुलांत इथिलीन वायूचा हात असतो. 1901 मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबोव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिव्याच्या गॅसमुळे वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढतात ती यातल्या इथिलीनमुळे हे शोधलं. पिकणारी फळं हाच वायू सोडतात. कार्नेशन, ऑर्किड, स्नॅपड्रॅगन याला फार हळवे, शेवंती आणि जरबेरा जवळजवळ निर्धास्त. त्यामुळे डायनिंग टेबलवर केळ्यांच्या टोपलीशेजारी कार्नेशन नको, आणि मे महिन्यात आंब्याची अढी लावलेल्या खोलीत शेवंतीची फुलदाणी खुशाल ठेवा, ऑर्किड मात्र दुसऱ्या खोलीत हलवा.