बशर्री आणि कादीशा खोरे

बशर्री : उत्तर लेबनॉनमधील डोंगरगाव व त्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४५० मी. उंचीवर, कादीशा खोऱ्याच्या माथ्याशी ते वसले आहे. राजधानी बैरूतपासून रस्त्याने अंतर सुमारे ११० किमी. लाल कौलांची घरे, मधोमध मार साबा (मार म्हणजे संत) चर्च, पाठीशी देवदारांचा डोंगर आणि पुढ्यात एकदम तुटलेला कडा, असे गावाचे रूप आहे. वस्ती जवळजवळ पूर्णपणे मॅरोनाइट ख्रिस्ती. कवी व चित्रकार खलील जिब्रान यांचे हे जन्मगाव.

बहुतेक प्रवासी बैरूतहून सकाळी येतात, जिब्रान संग्रहालय आणि देवदारांची राई पाहतात व संध्याकाळी परततात. खाली खोऱ्यात उतरायचे राहूनच जाते, आणि खोऱ्यात उतरल्याशिवाय बशर्री कळत नाही. हे लोक या उंचीवर का आले, टिकले कसे आणि पुढे इथून परदेशी का गेले, या सगळ्याची उत्तरे त्या कड्यांत आहेत.

कादीशा नदीने चुनखडीचा डोंगर चिरत हे खोरे घडवले. कड्यांत नैसर्गिक गुहा पुष्कळ. गुहेच्या तोंडाशी दगडाची भिंत घातली की राहायला जागा तयार. अशा गुहांत एकांतवासी साधू आणि मठवासी शतकानुशतके राहिले. मॅरोनाइट पंथ संत मारून यांना मानतो. रोमच्या पोपशी तो जोडलेला असला तरी उपासनेत सिरियाक ही प्राचीन भाषा त्याने सोडलेली नाही. सत्ताधीशांशी खटके उडत तेव्हा या पंथाला आसरा मिळाला तो याच खोऱ्यात. कन्नूबीनचा मठ पंधराव्या शतकापासून सुमारे चारशे वर्षे त्यांच्या धर्मप्रमुखांचे, म्हणजे पॅट्रिआर्कांचे, पीठ होता. त्याच्या चर्चमधील भित्तिचित्रात मरियमेचा राज्याभिषेक आणि तिच्यासमोर उभे पॅट्रिआर्क दिसतात. आज पीठ बकर्के येथे आहे. उन्हाळ्यात मात्र पॅट्रिआर्क खोऱ्याच्या वरच्या काठावरील दीमान गावी येऊन राहतात.

आसरा शोधणाऱ्या साध्या माणसांचा सर्वांत बोलका पुरावा अगदी अलीकडे हाती लागला. १९९० च्या सुमारास गुहा-संशोधकांना आसी अल-हदथ या दुर्गम गुहेत तेराव्या शतकातील मृतदेह सापडले. १२८३ च्या सुमारास इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या सैन्याच्या स्वारीत ही माणसे तेथे लपली असावीत, असे मानले जाते. गुहेतील कोरड्या हवेमुळे देह आपोआप टिकले. त्यांत काही महिन्यांचे तान्हे बाळही होते. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांचे भरतकामही शाबूत राहिले. गावातल्या बाईने घरी बसून घातलेला टाका सातशे वर्षांनी पाहायला मिळतो, हे विलक्षणच. यांतील काही देह आता बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, तेव्हा बशर्रीला जाण्याआधी ते पाहून घ्यावेत.

खोऱ्यातील कुझ्हायाचा मार अंतोनिओस मठ आजही नांदता आहे. १६१० साली येथे बायबलमधील स्तोत्रसंहिता छापली गेली, एका स्तंभात सिरियाक आणि शेजारी सिरियाक लिपीतील अरबी. मध्यपूर्वेतील छापील पुस्तकांत ती अगदी आरंभीची होय. मठालगतच्या गुहेत पूर्वी मनोरुग्णांना बरे होण्याच्या आशेने बांधून ठेवत. त्या लोखंडी साखळ्या अजून तेथे आहेत. मार लिशा हा लेबनीज मॅरोनाइट संघ या मठवासींच्या संघटनेच्या (स्थापना १६९५) आरंभीच्या मठांपैकी एक. वरच्या अंगाला असलेले बकआ कफ्रा हे संत शरबेल (१८२८–९८) यांचे जन्मगाव लेबनॉनमधील सर्वांत उंचावरच्या गावांत गणले जाते.

जिब्रान यांचा जन्म १८८३ चा. १८९५ मध्ये आई मुलांना घेऊन बोस्टनला गेली. शिकण्यासाठी ते काही वर्षे बैरूतला आले, पण पुढचे आयुष्य अमेरिकेत गेले व १९३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. मार सर्किस हा कड्यातला जुना मठ घेऊन तेथे राहावे, ही त्यांची इच्छा होती. बहीण मारियाना हिने तो विकत घेतला आणि त्यांना तेथेच चिरविश्रांती मिळाली. आता तेच संग्रहालय आहे : चारशेहून अधिक चित्रे, हस्तलिखिते, न्यूयॉर्कच्या खोलीतले सामान. ‘द प्रॉफेट’ (१९२३) जगभर खपले आणि मृत्युपत्रानुसार पुस्तकांचे मानधन गावाला मिळू लागले. त्या पैशावरून गावात तंटेही झाले. वि. स. खांडेकर यांनी जिब्रान यांच्या रूपककथा मराठीत आणल्याने हे नाव मराठी वाचकाला जुन्या ओळखीचे आहे. जिब्रान कुटुंबासारखी कितीतरी घरे गाव सोडून गेली. सिडनीत बशर्रीकरांची मोठी वस्ती आहे, आणि उन्हाळ्यात त्यांतले अनेक जण गावी येतात.

गावाच्या वर, सुमारे २,००० मी. उंचीवर, देवदारांची जुनी राई आहे. हिमालयातील देवदार याच कुळातला. एके काळी हे डोंगर या वृक्षांनी भरलेले होते. जहाजे, देवळे आणि महाल यांसाठी त्यांची तोड हजारो वर्षे चालली. उरलेल्यांवर शेळ्यांचे संकट आले, कारण कोवळी रोपे त्या वाढूच देत नसत. १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या पैशातून राईभोवती दगडी कुंपण घातले गेले. आत एक छोटे चर्च आहे, आणि एका वाळलेल्या वृक्षावर ख्रिस्ताची शिल्पे कोरलेली आहेत. लेबनॉनच्या ध्वजावरील वृक्ष म्हणजे हाच देवदार. खोरे आणि राई यांना १९९८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतले. खोडांना हात लावणे, शंकू वेचणे टाळावे. ही झाडे अतिशय सावकाश वाढतात.

हिवाळ्यात राईजवळच्या उतारांवर स्कीइंग चालते. मे ते ऑक्टोबर हा पायी फिरण्याचा काळ. सफरचंदांच्या बागा पाहायच्या तर सप्टेंबर उत्तम. बैरूतच्या दौरा चौकातून गाड्या मिळतात. खोऱ्यात चढउतार दमवणारा असल्याने पूर्ण दिवस राखून ठेवावा, पाणी बरोबर घ्यावे. मठांत अंगभर कपडे हवेत आणि उपासना चालू असेल तर बाहेर थांबावे. २०१९ पासूनच्या आर्थिक संकटामुळे रोख डॉलर जवळ असलेले बरे. देशातील परिस्थिती झपाट्याने बदलते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी भारतीय परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचावी. देवदारांवरून डोंगर ओलांडून बालबेककडे जाणारा रस्ता बर्फामुळे हिवाळाभर बंद असतो. तो खुला झाल्याची गावात खात्री करूनच निघावे.