दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहतात. त्याच वर्षी महाराष्ट्राची सरासरी घनता ३६५ होती. राज्यातील सर्वांत विरळ वस्तीचा जिल्हा म्हणून हा आकडा स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत छापला जातो, विद्यार्थी तो पाठ करतात आणि पुढच्या जिल्ह्याकडे वळतात. १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि १०,७२,९४२ लोकसंख्या यांचा हा साधा भागाकार असून त्यात गणिताची चूक काहीच नाही. अडचण अशी, की जिल्ह्याचे निम्म्याहून अधिक लोक ज्या प्रकारच्या गावांत राहतात, तेथे उभे राहिले असता वस्ती इतकी विरळ मुळीच वाटत नाही आणि भामरागडच्या डोंगरात उभे राहिले असता हाच आकडा फुगवलेला वाटतो. बारा तालुक्यांपैकी एकट्या चामोर्शी तालुक्यात पावणेदोन लाखांहून अधिक लोक राहतात, तर भामरागड तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ३६ हजारांच्या घरात आहे.

जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग जंगलाखाली आहे. हे जंगल वगळून उरलेल्या जमिनीवर सारी लोकसंख्या वाटून पाहिली, तर घनता दोनशेच्या पुढे जाते. अर्थात हाही भागाकार पूर्ण खरा नाही, कारण शेकडो गावे जंगलाच्या आतच आहेत. तरीही एवढे दिसते, की येथे माणूस समप्रमाणात पसरलेला नाही. तो कोठे दाटला आणि कोठे विखुरला, हे ठरवण्यात नद्यांचा आणि त्यांच्याखालील खडकांचा वाटा मोठा आहे.

नकाशा समोर ठेवला तर जिल्ह्याच्या तीन बाजू पाण्याने आखलेल्या दिसतात. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी अशी पश्चिम सीमेने दक्षिणेकडे उतरते. चपराळ्याच्या जंगलाजवळ तिला वर्धा येऊन मिळते आणि तेथून पुढे दोघींच्या एकत्र प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता तेलंगणाची सीमा धरून सिरोंचापर्यंत जाते आणि कालेश्वरसमोर गोदावरीत विलीन होते. पूर्वेकडून, ओडिशातील कालाहंडीच्या डोंगरांतून आलेली इंद्रावती छत्तीसगडची हद्द आखत येते आणि सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. प्राणहितेची स्वतःची लांबी केवळ ११३ किलोमीटर असली, तरी वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा या तिन्ही नद्यांचे पाणी तिच्यातून वाहत असल्याने गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग तिच्या वाट्याला येतो. एवढ्या आखूड नदीच्या नावावर एवढे मोठे खोरे, हे कोष्टकात वाचताना छापण्याची चूक वाटावी असे आहे.

प्राणहिता आग्नेयेकडेच का वाहते, याचे उत्तर भूगर्भात आहे. भारत जेव्हा गोंडवन या महाखंडाचा भाग होता, तेव्हा येथील भूकवच ताणले जाऊन वायव्य–आग्नेय दिशेने एक लांब खचदरी तयार झाली. तिच्यात कोट्यवधी वर्षे वाळू, चिखल आणि चुनखडीचे थर साचत गेले. आजची प्राणहिता आणि तिच्यापुढची गोदावरी साधारणपणे याच जुन्या खचदरीचा माग धरून वाहतात. सिरोंचा तालुक्यातील कोटा या गावाचे नाव जगभरच्या पुराजीवशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, कारण जुरासिक कालखंडाच्या आरंभीच्या 'कोटा थरां'ना त्यावरून नाव मिळाले. तेथील चुनखडीतील माशांच्या जीवाश्मांची चर्चा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होती. प्राणहिता–गोदावरी खोऱ्यातील याच थरांत सापडलेल्या महाकाय शाकाहारी डायनोसॉरचे १९७५ साली 'बारापासॉरस टागोराय' असे नामकरण झाले. त्यातील 'बारा पा' म्हणजे मोठे पाय, आणि उरलेले नाव रवींद्रनाथांचे.

खचदरीच्या पूर्वेला मात्र वेगळेच जग सुरू होते. एटापल्ली, धानोरा आणि भामरागडकडचे खडक बस्तरच्या अतिप्राचीन कवचाचे आहेत. तेथे ग्रॅनाइट, नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) आणि सुरजागडसारखे लोहखनिजाचे डोंगर आहेत. या खडकांवर मातीचा थर पातळ, उतार तीव्र आणि पाणी मुरण्यापेक्षा वाहून जाण्याकडे कल अधिक. वैनगंगेच्या काठाने गाळाची जमीन आणि बांध घालण्याजोगा मंद उतार असल्याने धानाची शेती, तलाव आणि बोड्या (शेततळ्यांसारखे छोटे तलाव) झाल्या, आणि धानामागोमाग दाट वस्ती झाली. जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे गावचा महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, या तलावांना आज सरकारी कागदांत 'मामा (माजी मालगुजारी) तलाव' असे लाडके संक्षिप्त नाव मिळाले आहे. पण गावापेक्षा थोड्या उंचावर पाणी अडवून ते बांधीबांधीतून, म्हणजे धानाच्या एका वाफ्यातून दुसऱ्यात, उतरवण्याची ही व्यवस्था हाच पश्चिम पट्ट्यातील लोकसंख्येचा खरा पाया आहे. डोंगराळ पूर्व भागात माडिया गोंडांची वस्ती लहान पाड्यांची राहिली, कारण जंगल तोडून, जाळून काही वर्षे पीक घ्यायचे आणि जमीन थकली की दुसरा तुकडा धरायचा, या 'पेंदा' पद्धतीत माणशी बरीच अधिक जमीन लागते. त्या मातीत तेवढीच वस्ती टिकू शकत होती, हे ध्यानात न घेता तिला मागास म्हणणे हा आळशी निष्कर्ष आहे.

इतिहासाचे धागेही नदीकाठानेच सापडतात. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते, तेथे मार्कंडा येथील कोरीव मंदिरांचा समूह उभा आहे. उत्तरेकडील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी'त आहे. पुढे हा सारा मुलूख चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांकडे, त्यांच्याकडून १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेला. जंगलातील प्रत्यक्ष कारभार मात्र जमीनदाऱ्यांच्या हाती राहिला आणि त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि त्याच वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

सिरोंचाची कथा मला नेहमीच अधिक बोलकी वाटते. १८६० मध्ये निजामाकडून हा भाग इंग्रजांना मिळाला आणि 'अप्पर गोदावरी' नावाचा स्वतंत्र जिल्हा करून सिरोंचा हे त्याचे मुख्यालय ठरवण्यात आले. आज जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या या गावाला तेव्हा एवढे महत्त्व मिळण्याचे कारण होते कापूस. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या जलमार्गाने थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी महत्त्वाकांक्षी योजना होती. परंतु प्रवाहात दुम्मागुडेम, इंचमपल्ली अशा ठिकाणी खडकांचे लांबच लांब अडसर होते, उन्हाळ्यात पात्रात होडीपुरतेही पाणी उरत नसे आणि कालवे खोदणाऱ्या मजुरांना तापाने घेरले. त्यातच १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७१ मध्ये जलमार्गाचे काम थांबले, १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात गेले. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा काढण्यात आला. ज्या रेल्वेने जलमार्ग संपवला, ती मात्र या जिल्ह्यात उत्तरेकडील वडशाच्या कोपऱ्याला स्पर्श करून निघून गेली.

लोक वेगवेगळ्या दिशांनी आले आणि ते कोठून आले हे अजूनही कानांनी ओळखता येते. उत्तरेकडे कोरचीला छत्तीसगडी ऐकू येते, वडसा-आरमोरीकडे मराठीची झाडीबोली, मध्यभागी आणि पूर्वेला गोंडी व माडिया, तर अहेरीहून सिरोंचाकडे जाताना तेलुगू वाढत जाते. आलापल्ली, एटापल्ली, नागेपल्ली ही 'पल्ली'ने संपणारी नावे त्याच दक्षिणेकडच्या संपर्काची खूण आहेत. या सर्वांत नवी भर बंगालीची आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९६० च्या दशकापासून मुलचेरा आणि चामोर्शी भागात जमिनी देऊन वसवण्यात आले. पद्मा नदीच्या खोऱ्यातील शेतकरी प्राणहितेच्या खोऱ्यात आला. धान आणि मासे ही त्याची ओळखीची दुनिया होती, त्यामुळे माती बदलली तरी व्यवसाय फारसा बदलावा लागला नाही.

२०११ मध्ये जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के होते आणि शहरी लोकसंख्या केवळ ११ टक्के. दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या. राज्यात हेच प्रमाण ९२९ होते. सहा वर्षांखालील मुलांत ते जिल्ह्यात ९६१, तर राज्यात ८९४ होते. यांतील दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण प्रौढांचे गुणोत्तर कामासाठी येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांमुळे बदलते, लहान मुलांचे तसे बदलत नाही. मुलगी नको म्हणून गर्भ पाडण्याची रीत ज्या समाजांत रुजली, त्या समाजांची सावली या जिल्ह्यावर कमी पडली, असे त्यातून दिसते. दुसरी गोष्ट वाढीच्या वेगाची आहे. १९९१ मध्ये ७,८७,०१० असलेली लोकसंख्या २००१ पर्यंत २३ टक्क्यांनी वाढली, परंतु त्यापुढच्या दशकात वाढ साडेदहा टक्क्यांवर आली. एका दशकात वेग निम्म्याहून खाली येणे हे जन्मदर झपाट्याने उतरल्याखेरीज सहसा घडत नाही.

जन्म मोजणे सोपे असते; अवघड असते ते जन्मून काही दिवसांत गेलेले मूल मोजणे. नोंद होण्याआधीच ते कुटुंबाच्या दुःखात विरून जाते. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतील निवडक गावांत घरोघरी जाऊन जन्म-मृत्यूंची स्वतंत्र नोंद सुरू केली, तेव्हा १९८८ मध्ये अर्भक मृत्युदर हजारी १२१ आढळला. बालकांचा मोठा मारेकरी होता न्यूमोनिया, आणि तो ओळखण्याची साधी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, त्याहून मोठ्या बाळाचे ५० किंवा अधिक असले, तर धोका. परंतु गावातील सुईणीला बारापर्यंतच मोजता येत असेल तर काय करायचे? त्यासाठी एक लाकडी श्वासमापक बनवण्यात आला. त्यात मिनिटभराचे वाळूचे घड्याळ होते आणि दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ओळीतल्या शेवटच्या, लाल मण्यावर बोट गेले, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. साठची गणना दहा-दहाच्या तुकड्यांत मोडून बोटांच्या स्वाधीन करणारे हे उपकरण मला कोणत्याही अद्ययावत यंत्राइतकेच चतुर वाटते. पुढे याच जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्या गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभर आशा कार्यकर्त्या ज्या घरभेटी देतात, त्यांची एक मुळी येथे आहे.

असे उपाय घरापर्यंत न्यावे लागण्याचे एक कारण पुन्हा नदीच आहे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढून भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी येते, आणि अनेकदा त्या वेळी गावात पाऊस थांबलेलाही असतो. याला फुगवटा म्हणतात. मोठ्या नदीची पातळी वाढली की लहान नदीला आपले पाणी तिच्यात सोडण्यासाठी उतारच उरत नाही. ते मागे साचत जाते आणि मातकट, संथ, जवळजवळ न हलणाऱ्या पाण्याखाली बाजारपेठ जाते. हेच गणित मोठ्या प्रमाणावर सिरोंचाला लागू होते, कारण गोदावरी तुडुंब असली की प्राणहिताही तुंबते. म्हणूनच आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' असते. प्रसूतीची तारीख जवळ आली की दूरच्या गावातील गर्भवतीला आधीच तेथे आणून ठेवायचे, म्हणजे कळा सुरू झाल्यावर नाला ओलांडण्याची वेळ येत नाही.

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. फेब्रुवारीत नद्या उतरलेल्या असतात, वाटा खुल्या असतात आणि गणनेसाठी हा काळ सोयीचा असतो. मात्र याच सुमारास धानाची कामे संपलेली असतात आणि जिल्ह्यातील अनेक मजूर कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात गेलेली असतात. आपल्याकडील गणनेच्या नियमानुसार जो माणूस गणनेच्या संपूर्ण कालावधीत घराबाहेर असतो, तो घरी न मोजता जेथे आढळेल तेथे मोजला जातो. त्यामुळे ७४ च्या जागी नवा आकडा येईल, तेव्हा त्यात न धरलेली काही माणसे गोदावरीपलीकडच्या मिरचीच्या शेतांच्या बांधावर, खम्मम-वरंगळच्या हिशेबात नोंदवलेली असतील.