स्टोअर्ड प्रोसिजर

रिलेशनल डेटाबेसमध्ये नावानिशी साठवलेला आणि डेटाबेस सर्व्हरवरच चालणारा आज्ञांचा संच. ॲप्लिकेशन फक्त नाव आणि पॅरामीटर (आज्ञांना लागणारी मूल्ये) पाठवते. चौकशी, हिशेब, नोंदींतील फेरबदल हे सगळे डेटा असतो तिथेच उरकते.

उगमाबद्दल एकमत नाही. श्रेय बहुधा सायबेस कंपनीच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला (१९८७) दिले जाते. मात्र सायबेसचे एक संस्थापक बॉब एपस्टीन आधी ब्रिटन ली या कंपनीत होते आणि तिच्या आयडीएम या डेटाबेस यंत्रात आज्ञा साठवून ठेवण्याची सोय होती. काही जण आणखी मागे, आयबीएमच्या १९७० च्या दशकातील सिस्टिम आर प्रकल्पापर्यंत जातात. त्यात प्रोग्रॅममधील एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा) आधीच कंपाइल करून, म्हणजे यंत्राला चालवण्याजोगी करून, ती कशी राबवायची याचा आराखडा डेटाबेसमध्ये ठेवला जाई. परंतु चल, अटी आणि लूप ही अंगे तिथे नव्हती, त्यामुळे त्याला पूर्वरूप म्हणणेच अधिक सयुक्तिक. ही अंगे सायबेसच्या ट्रान्झॅक्ट-एसक्यूएलमध्ये एकत्र दिसतात. ओरॅकलची पीएल/एसक्यूएल भाषा १९८८ च्या सुमारास आली. तिच्यातील प्रोसिजर डेटाबेसमध्ये साठवण्याची सोय सातव्या आवृत्तीत (१९९२) झाली. अशा प्रोसिजरसाठीचे एसक्यूएल/पीएसएम हे सामाईक प्रमाण १९९६ चे. तोवर प्रत्येक कंपनीची बोली रुजली होती, म्हणून एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना प्रोसिजर आजही बऱ्याच अंशी नव्याने लिहाव्या लागतात. मायएसक्यूएलमध्ये त्या २००५ साली (५.०) आल्या. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये फंक्शन फार आधीपासून होती. ‘कॉल’ने चालवायच्या प्रोसिजर २०१८ साली (११) आल्या.

‘आधीच कंपाइल झालेली, म्हणून वेगवान’ हे जुने स्पष्टीकरण आता अपुरे ठरते. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर ७.० पासून (१९९८) प्रोसिजरबाहेरच्या साध्या क्वेरींचे (चौकशांचे) आराखडेही स्मृतीत राखून पुन्हा वापरले जातात. खरी बचत होते ती नेटवर्कवरील फेऱ्यांची. उलट, राखलेला आराखडा कधी नडतोही. पहिल्या वेळी मोजक्याच ऑर्डरी असलेल्या ग्राहकाचा क्रमांक आला, तर इंडेक्समधून (शोधसूचीतून) एकेक नोंद शोधणारा आराखडा बनतो. पुढे लाखो ऑर्डरींच्या ग्राहकासाठीही तोच वापरला गेला, की तीच प्रोसिजर रेंगाळते. याला पॅरामीटर स्निफिंग म्हणतात. तेवढ्याच विधानाचा आराखडा दर वेळी नव्याने करायला लावणारी ‘ऑप्शन रिकंपाइल’ ही सूचना एसक्यूएल सर्व्हरच्या २००५ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

टेबलवर थेट हक्क न देता केवळ प्रोसिजर चालवण्याचा हक्क देता येतो, ही मोलाची सोय होय. मात्र आत मजकूर जोडून एसक्यूएल तयार केली असेल, तर इंजेक्शनचा, म्हणजे बाहेरून आलेल्या मजकुरातून घातक आज्ञा घुसवली जाण्याचा, धोका कायम राहतो. व्यवसायाचे सगळेच नियम प्रोसिजरमध्ये असावेत का, हा वाद जुना आहे. मोठ्या संख्येने नोंदी हाताळणारे काम डेटाबेसमध्ये आणि उरलेले ॲप्लिकेशनमध्ये, ही विभागणी अधिक टिकाऊ वाटते. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये स्टोअर्ड प्रोसिजरची सोय नाही. ते ॲप्लिकेशनच्याच प्रक्रियेत चालते, त्यामुळे वाचवायला नेटवर्कच्या फेऱ्याच नसतात.