रनिंग कमी आणि गाडी चांगली: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

"दादा, एक मर्सिडीज बघितलीय. बारा वर्षांची हाय, पण रनिंग फक्त पंचेचाळीस हजार!"

महिन्यातून एकदा तरी असा फोन येतो आणि पुढचं सगळं मला पाठ असतं. गाडी डॉक्टरांची असते, 'घरात उभीच' असते, पॉलिश मारून चकाचक असते. त्याच वयाची, एक लाख ऐंशी हजार पळालेली, पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं फायलीत लावलेली दुसरी गाडी त्याच बाजारात बऱ्यापैकी कमी किमतीला उभी असते. तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. कमी पळालेली गाडी म्हणजेच चांगली राखलेली गाडी हा समज इतका घट्ट बसलाय, की लोक लाख-दोन लाख जास्त देऊन वाईट गाडी घरी आणतात.

पळाल्यानं काय झिजतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ब्रेक पॅड, टायर, शॉकअब्सॉर्बर, बेअरिंग. तीन-चार लाख पळालेल्या इनोव्हा आपण रोज बघतो, त्यामुळं त्यावर शाई घालवत नाही. मीटर मागं फिरवलंय का, हे ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड सांगते. सर्व्हिसच्या नोंदीतले आकडे चढत गेलेत का तेवढं बघा, पुरे.

घोळ होतो तो पुढं. गाडी दोन हिशेबांनी म्हातारी होते. एक हिशेब किलोमीटरचा, दुसरा वर्षांचा. मीटर फक्त पहिला दाखवतं.

आणि पहिलासुद्धा अर्धवटच दाखवतं. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतून महाद्वार रोडला, तिथनं शाहूपुरीला, परत घरी, अशी गावात फिरणारी गाडी सरासरी ताशी १८ किलोमीटरनं चालते असं धरा. पंचेचाळीस हजार किलोमीटरला तिचं इंजिन २,५०० तास चाललं. दुसरी गाडी दर आठवड्याला हायवेनं पुण्याला जाऊन येते, तिची सरासरी ७२ धरा. एक लाख ऐंशी हजारालाही बरोबर २,५०० तासच होतात! दोन्ही इंजिनं सारखाच वेळ चालली, पण गावातल्या गाडीचे तास जास्त वाईट गेले. चार किलोमीटरच्या फेरीत ऑइल पुरतं तापत नाही, त्यातलं पाणी उडून जात नाही, इंजिनात काळा गाळ धरतो. डिझेल असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काजळीनं भरत जातात. हायवेवरचं इंजिन एकदा गरम झालं की वरच्या गिअरमध्ये शांत फिरत राहतं.

आता वर्षांचा हिशेब. माणसं खरी फसतात ती इथं.

रबर आणि प्लास्टिकला गाडी पळाली की उभी राहिली याचं फारसं देणंघेणं नसतं. ऊन, उष्णता आणि हवा लागली की ते वयानं कडक होतं. साध्या छोट्या गाडीत अशा वस्तू मोजक्या आणि स्वस्त असतात. आलिशान गाडी मऊ चालते तीच मुळी अशा वस्तूंच्या जिवावर. पुढच्या चाकांना धरणारे अनेक दांडे, म्हणजे आर्म, आणि प्रत्येकाच्या सांध्यात रबराचा बुश. इंजिनखाली आत द्रव भरलेलं माउंटिंग. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचे वळणावळणाचे पाइप, प्लास्टिकच्या टाक्या. काही गाड्यांना स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे.

माझ्या पहिल्या जर्मन सेडानचं वय अकरा वर्षं होतं, रनिंग अडतीस हजार. विकणाऱ्यानं शपथेवर 'नवीच आहे' म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या महिन्यात उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ती रॅम्पवर चढवली, लोअर आर्मच्या बुशला टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून किंचित रेटा दिला, आणि रबराला अशी चीर पडली की आत नख जावं. बोटानं चोळलं तर त्याचा खडूसारखा भुगा हातात आला. मग रेडिएटरचा वरचा पाइप काढायला गेले, तर टाकीचं प्लास्टिकचं तोंड पाइपाबरोबर तुटून आलं. जोर लावला नव्हता, फक्त पिळलं होतं. पूल उतरताना किंवा घाटात ते तुटलं असतं तर कूलंट सांडून, इंजिन तापून त्याचं हेड, म्हणजे वरचा भाग, गेलं असतं. त्या वर्षी माझे जे पैसे गेले, त्यातला एकही रुपया 'पळाल्यामुळं' गेला नाही. एक लाख ऐंशी हजारवाल्या गाडीत हेच भाग बहुतेक वेळा एकदा बदललेले असतात, कारण पळणाऱ्या गाडीत आवाज येतो, मालक वैतागतो, काम करून घेतो. उभ्या गाडीत आवाज ऐकायला कुणी नसतं.

हवेचं सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी करायला सांगा आणि सकाळी सुरू करण्याआधी चारी कोपरे बघा. एखादा बसलेला दिसला तर फुगा गळतोय. तो गळत राहिला की कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि शेवटी तोही जातो.

गिअरबॉक्सच्या ऑइलवरून तर माझी कितीजणांशी भांडणं झालीत. 'लाइफटाइम ऑइल आहे, हात लावायचा नाही' हे वाक्य मला सहनच होत नाही. बीएमडब्ल्यूसह अनेक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः सांगते, की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला. 'किंवा ८ वर्षांनी' हे शब्द पुन्हा वाचा. बारा वर्षांच्या पंचेचाळीस हजारी गाडीचं ऑइल या हिशेबानं चार वर्षांपूर्वीच बदलायला हवं होतं. बदलताना लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघूनच धरायची. अंदाजानं ओतणाऱ्याकडं गाडी देऊ नका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते दर दोन वर्षांनी बदला. टायरच्या बाजूवर DOT कोडचे शेवटचे चार आकडे बघा, तो कधी बनला ते कळतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी सात वर्षांवरचा टायर मी ठेवत नाही.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी किती गाड्यांत शिरलं ते आपण डोळ्यांनी बघितलंय. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज, कार्पेटखालचा वास आणि डिकीतला स्टेपनीखालचा पत्रा बघा. बऱ्याच जर्मन गाड्यांत बॅटरी डिकीत असते, काहींत इलेक्ट्रॉनिक्सही. तिथं पाणी साठलेलं असेल तर ती गाडी फुकट मिळाली तरी नको. आणि पार्किंगमध्ये पडून असलेल्या गाडीत उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का, हे बोनेट उघडून टॉर्च मारून बघाच. बोनेटखाली वाफेनं धुऊन चकचकीत केलेलं इंजिन दिसलं की मला आनंद होत नाही, गळतीच्या खुणा पुसल्यात का अशी शंका येते.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक येते. तिचं रनिंग किती, असं गर्दीतलं कुणी विचारत नाही. 'काय राखलीय!' असंच सगळे म्हणतात. मग दुसऱ्या दिवशी गाडी बघायला गेल्यावर पहिला प्रश्न रनिंगचाच का येतो?

बघायला जाताना गाडी गरम करून ठेवू नका असं आधीच सांगा. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा, गार असलं पाहिजे. गार इंजिन स्वतः सुरू करून ऐका. मग पन्हाळ्यावर घेऊन जा. चढाला तापमानाचा काटा हलतो का, गिअर घुटमळतो का हे कळतं, आणि उतरताना ब्रेक आणि बुश बोलतात. परत आल्यावर फाइल मागा. त्यात मला बुश, कूलंट, गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइलच्या तारखा हव्या असतात. त्या नसतील तर ती सगळी कामं मी झालेली नाहीत असंच धरतो, मिस्त्रींकडून अंदाज घेतो आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करतो. मालक तयार नसेल तर परत येतो.

गाडी घेतल्यावर इंजिन ऑइल १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. 'जाड घाला, बरं असतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. रोज सकाळी पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा. त्यात इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरात पाणी साठतं आणि बॅटरीही नीट भरत नाही. त्यापेक्षा रविवारी सकाळी हायवेला लागा, कागलपर्यंत जाऊन या, आणि एसी चालू ठेवा, भर पावसाळ्यातसुद्धा.