दप्तर तपासायला वॉरंट लागतं का?

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरणारा मेसेज: ‘इथल्या सरकारी शाळेत वॉरंटशिवाय मुलांच्या दप्तराला कुणी हात लावू शकत नाही.’

समज अगदीच निराधार नाही. विनाकारण झडतीपासून संरक्षण देणारी चौथी घटनादुरुस्ती शाळेतही लागू आहेच. पण १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ.’ खटल्यात (स्वच्छतागृहात सिगारेट ओढल्याचा संशय, म्हणून पर्स तपासली) ठरवलं की शाळेच्या अधिकाऱ्यांना वॉरंट लागत नाही. वाजवी संशय पुरतो. मात्र संशयाला ठोस कारण हवं, आणि झडती त्या कारणापुरतीच हवी.

ही दुसरी अट फॉरवर्डमध्ये कधीच नसते, आणि खरं संरक्षण तिच्यातच आहे. त्याच न्यायालयाच्या २००९ च्या निकालात वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून तेरा वर्षांच्या मुलीचं दप्तर तपासणं योग्य ठरलं. अंतर्वस्त्रांपर्यंत जाणं घटनाबाह्य.

खाजगी शाळांना ही दुरुस्ती लागू नाही. काही राज्यांचे नियम शाळांसाठी याहून कडक आहेत. म्हणून शाळेच्या विद्यार्थी-नियमपुस्तिकेतलं झडतीचं प्रकरण आधी वाचा. लॉकर शाळेच्या मालकीचा आहे, असं बहुधा तिथेच लिहिलेलं सापडेल. निकालही इंटरनेटवर मोफत वाचता येतात.